पडद्यावरची रागीट बाई

ताई आजारी पडली तेव्हा तारापूरजवळच्या आमच्या कोळीवाड्यात कुणालाच तो आजार वाटला नाही. तिने आधी बोंबील वाळत घालणं सोडलं, मग केस विंचरणं, आणि हळूहळू आमच्याशी बोलणंही. आई म्हणायची, "कुणाची तरी नजर लागली हाय पोरीला." पालघरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी याला नैराश्य म्हणतात असं सांगितलं, तेव्हा कुठे गोळ्या सुरू झाल्या.

पुढे त्याच दवाखान्यात एक संशोधन सुरू झालं. नैराश्य असलेली माणसं आणि निरोगी माणसं दुसऱ्यांचे चेहरे कसे ओळखतात, याची तुलना करायची होती. ताई आपणहून तयार झाली. निरोगी माणसं कमी पडत होती, म्हणून मीही बोईसरच्या कारखान्यातून रजा काढून गेले. बरेच प्रश्न विचारून त्यांनी मला निरोगी ठरवलं.

पडद्यावर अनोळखी चेहरे यायचे. हसरा, दुःखी, रागीट, की यातलं काहीच नाही, ते बटण दाबून सांगायचं. एक मध्यमवयीन बाई पुन्हापुन्हा यायची. तिच्या चेहऱ्यावर काहीच नसायचं. मी न अडखळता तसं बटण दाबत गेले.

परतताना रिक्षात ताई म्हणाली, "ती बाई किती रागात होती ना?"

"कोणती गं?"

"टिकली नसलेली. सारखी माझ्याकडंच बघत होती."

"तिच्या तोंडावर तर कायपण नव्हतं, ताई."

ती खाडीकडे बघत म्हणाली, "तू कामावरून येतेस ना, तवा तुझं तोंड पण तसंच असतं. मला रोज वाटतं, मी काय केलं हिचं?"

मी फक्त दमलेली असायचे. दारात चपला काढताना मी तिच्याकडे बघायचे आणि ती उठून आतल्या खोलीत जायची. आम्हाला वाटायचं, गोळ्यांनी झोप येत असेल.

आता ती पुष्कळ सावरली आहे, आईबरोबर बाजारातही जाते. कामावरून आले की मी अंगणातूनच ओरडून सांगते, "ताई, दमलेय गं नुसती!" ती कधी हसते, कधी नाही.

पण कारखान्याच्या बसमध्ये शिफ्ट संपलेल्या बाया समोर गप्प बसलेल्या असतात. त्या दमल्यात, हे मला माहीत असतं. तरी एखादी माझ्याकडे बघत राहिली की वाटतं, मी काय केलं हिचं, आणि मी तोंड खिडकीकडे फिरवते.