मानवतला जगलेली माय

पडद्यावरची माय पहिल्यांदा खोकली, तेव्हा मी बायकांच्या बाजूला स्टुलाजवळ उभा होतो. सिनेमात कुणी उगाच खोकत नाही. हिरोला सर्दी होत नाही, हिरॉइनला ठसका लागत नाही. आई खोकली की समजायचं, आता थोड्या रिळांचा प्रश्न आहे. आणि मी तर दिवसभर टांग्यातून भोंगा घेऊन मानवतभर सांगत फिरलो होतो की ह्या खेळात माय जगते, गॅरंटी.

हैदराबाद राज्य मोडून आम्ही नुकतेच मुंबई राज्यात गेलो होतो, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी एका फिरत्या टॉकीजमध्ये नोकरीला होतो. टॉकीज म्हणजे तंबू, एक मशीन, एक इंजिन आणि लतीफ शेठ नावाचे मालक. माझा हुद्दा पब्लिसिटी मॅनेजर. ही नोकरी मला का मिळाली, तेही सांगतो. निजामाच्या राज्यात शाळेत उर्दू होतं, ते मी जीव लावून शिकलो, आणि नोकरी मागायच्या वेळी राज्यच बदललं. कचेरीत माझ्या उर्दूला कुणी विचारेना. तंबूत मात्र त्याची गरज होती.

आमच्याकडे मशीन एकच. एक रीळ संपलं की मशीन थांबायचं, दिवे लागायचे, आणि ऑपरेटर दुसरं रीळ चढवायचा. तेवढ्या वेळात मी बायकांच्या बाजूला स्टुलावर चढून काय झालं ते मराठीत सांगायचं. पुरुषांना उर्दू थोडंफार कळायचं. बायकांना कळत नव्हतं, कारण पडद्यावरच्या खेड्यातली म्हातारीसुद्धा नवाबाच्या बेगमेसारखी बोलायची. ह्याला आम्ही 'समजावणं' म्हणायचो. कापूस निवडायला जिनिंगमध्ये जाणाऱ्या बायका समजावणाऱ्याशिवाय तिकीट काढत नसत.

आता नुसतं समजावून मी थांबलो असतो तर बरं होतं. पण परभणी स्टेशनावरून मी जुनी सिनेमासिकं आणून वाचायचो आणि त्यातली परीक्षणं पाठ करायचो. त्या काळी आमच्या भागात माझ्याइतका मोठा समीक्षक नव्हता, कारण दुसरा कुणी नव्हताच. स्टुलावर चढून मी म्हणायचो, "ह्या रिळात कथानक शिथिल झालेलं आहे. अभिनयात संयम नाही."

सोजराबाई खालून म्हणायची, "ते ऱ्हाऊ द्या, मॅनेजर. पोरगं घरी आलं का न्हाई ते सांगा."

ही सोजराबाई म्हणजे जिनिंगच्या बायकांची म्होरकी. ती आली की सगळ्या यायच्या, ती उठली की सगळ्या उठायच्या. ह्या बायकांना हिरोचं काही पडलेलं नव्हतं. हिरो मोंढ्यात धान्याची पोती उचलणाऱ्या हमालांचा. ते त्याच्यासारखे केस वळवायचे, त्याच्या मारामारीला टोप्या उडवायचे आणि त्याला कुणी नावं ठेवली तर बाह्या सरसावायचे. मी एकदा ठेवली होती. बायकांचा जीव जडला होता तो नेहमी आईचं काम करणाऱ्या एका नटीवर. तिचं खरं नाव कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. सगळ्या तिला 'माय' म्हणायच्या. तिच्यासारखा पदर घ्यायच्या, तिच्या दुखण्याची जिनिंगमध्ये चर्चा करायच्या. मला हे सगळं अडाणीपणाचं वाटायचं. मी स्वतः एका हिरॉइनचा फोटो पाकिटात ठेवत होतो, पण ती कलेची जाण होती.

अडचण अशी झाली की त्या मुक्कामात आधीच्या दोन्ही खेळांत माय मेली. दुसऱ्या खेळानंतर सोजराबाई सरळ शेठपुढे जाऊन उभी राहिली.

"शेट, आमच्या मायला किती बार मारता? दिसभर कापूस निवडायचा आन् सांजच्याला हितं येऊन मयताला बसायचं व्हय? आता ती मरत असली तर आमी येत न्हाई. आधी सांगा, मंग तिकीट काढू."

शेठने तिला पाठवलं आणि मला बोलावलं. "मॅनेजर, औरतां नै आये तो तंबू उखाड लेना पडता. फिर तुमकू रख को क्या करूं मैं?"

"नव्या खेळात माय जगते, शेठ."

"तुम देखे?"

"पाहायची गरज नाही. मला कळतं."

प्रिंट मानवत रोड स्टेशनावर उतरली होती. प्रिंट आली की ऑपरेटर रिळं तपासतो, आणि मी त्याच्या शेजारी बसून गोष्ट समजून घ्यायची, अशी आमची पद्धत. आमचा ऑपरेटर नामदेव म्हणाला, "या, शेवटचं रीळ तरी बगून घ्या." मी त्याला पोस्टर दाखवलं. पोस्टरवर माय मधोमध होती आणि हसत होती. मरणाऱ्या माणसाला कुणी मधोमध घेत नाही, कोपऱ्यात घेतात. शिवाय एकाच नटीला लागोपाठ तीनदा मारणं कलेच्या दृष्टीने चुकीचं होतं. नामदेवने माझ्याकडे पाहिलं आणि तो रिळं पुसायला लागला.

तर अशा रीतीने तंबू भरला. बायकांची बाजू इतकी भरली की कनातीला रेटा बसला. आणि दुसऱ्या रिळात जत्रेचं गाणं झाल्यावर, तिसऱ्यात, माय खोकली.

दिवे लागले. मी स्टुलावर चढलो.

"मॅनेजर, माय खोकली," सोजराबाई म्हणाली.

"धूळ गेली असेल नाकात. गाडीवाटेनं चालत आली ना."

पुढच्या रिळात माय भिंतीला धरून खोकली. मी सांगितलं, सर्दी आहे.

"सर्दीनं भिंत धराया लागती व्हय?"

"जुनाट सर्दी आहे."

त्याच्या पुढच्या रिळात तिच्या पदराला रक्त लागलं. खेळ काळा-पांढरा, त्यामुळे रक्त काळंच दिसलं. मी त्याचा फायदा घेतला आणि म्हणालो, पान खाल्लंय तिनं.

"घरात दाणा न्हाई आन् पान कुठलं?"

कथानकातली ढिलाई बाईला बरोबर सापडली होती, फक्त ती माझी होती. मी स्टुलावरून उतरलो आणि मशीनच्या पत्र्याच्या खोलीकडे पळालो.

नामदेवने शेवटच्या रिळाचं टोक उलगडून दिव्यापुढे धरलं आणि भिंगातून पाहिलं. "चिता हाय," तो म्हणाला.

"कुणाची?"

"मायची. आता आपलीबी लागंल."

शेठ आत आले. नामदेवने त्यांना भिंग दिलं. शेठने पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं. बाहेर बायकांच्या बाजूला कुजबुज वाढत होती.

मी म्हणालो, "शेवटचं रीळ दाखवूच नका. खेळ संपला म्हणून सांगतो."

"आन् मारामारी?" नामदेव म्हणाला. "तीबी ह्याच रिळात हाय. हमाल मशीन उचलून नेतील."

बाहेर हमालांनी शिट्ट्या सुरू केल्याच होत्या. पोस्टरवर मारामारी मोठी छापली होती आणि मी भोंग्यावर तिचीही गॅरंटी दिली होती. गॅरंटी देण्यात मी कधी कंजुषी केली नाही.

शेवटी शेठनेच तोड काढली. मारामारी पूर्ण दाखवायची. हिरो घरी पळत आला की नामदेवने मशीनच्या भिंगावर टोपी धरायची, म्हणजे पडदा काळा. शेठ आवाजाचं बटण धरून उभे राहतील, ते त्याच वेळी आवाज बंद करतील. मी स्टुलावर चढून सांगायचं की माय बरी झाली. मग दुसरं रीळ परत चढवायचं, ज्यात माय मुलाबरोबर जत्रेत पाळण्यात बसते. तोच शेवट.

मारामारी झाली. टोप्या उडाल्या. हिरो दमून घरी धावत आला, माय खाटेवर पडलेली दिसली, आणि नामदेवने भिंगावर टोपी धरली. पडदा काळा झाला. पण आवाज बंद झाला नाही.

मला वाटलं बटण बिघडलं. ते बिघडलं नव्हतं. शेठनेही खेळ पाहिलेला नव्हता. मायने तोंड उघडलं आणि शेठ ऐकत राहिले.

अंधारात मायचा आवाज आला. "बेटा, अब वक्त-ए-रुखसत है. अपना हाथ हमारी आंखों पर रख दो."

निरोपाची वेळ झाली, असं ती म्हणत होती. सोजराबाईने विचारलं, "काय म्हणली?"

मी स्टुलावर चढलो. "चित्राची जरा गडबड झालीय. मी सांगतो. माय म्हणतेय, बाळा, तू आलास, आता मला बरं वाटतंय. हात दे, उठून बसते."

"हमारे बाद आंगन के नीम को पानी देते रहना."

"माय म्हणतेय, चूल पेटव. तुला भाकरी टाकते."

मग मायचा श्वास ऐकू आला, आणि मग तोही नाही. हिरो रडायला लागला. सारंगी सुरू झाली.

"मंग त्यो रडायलाय कामून?"

"आनंद झालाय त्याला," मी म्हणालो.

पुरुषांच्या बाजूला बऱ्याच जणांना उर्दू कळत होतं. माय काय म्हणाली ते त्यांनी ऐकलं होतं आणि मी काय सांगितलं तेही ऐकलं होतं. मी वाट पाहत होतो की आता कुणीतरी ओरडेल. एका हमालाने तेवढं नाक शिंकरलं. मीही स्टुलावर उभ्याउभ्या बाहीला डोळे पुसले. इतके खेळ मी समजावले, पण कधी रडलो नव्हतो, कारण समीक्षकाने रडू नये असं मला वाटायचं. त्या दिवशी मात्र माय खरंच गेली होती आणि मी एकटा तिला चुलीपुढे बसवत होतो. मला तिची फार दया आली, आणि माझीही आली.

सारंगी एकदाची थांबली. शेठ भानावर आले आणि त्यांनी बटण बंद केलं, ज्याचा आता उपयोग नव्हता. नामदेवने दुसरं रीळ चढवलं. माय जत्रेत पाळण्यात बसली आणि हसली. बायकाही हसल्या. मग सगळ्या शांतपणे उठून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी टांगा घेऊन मी जिनिंगच्या फाटकावरून जाणार नव्हतो. टांगेवाल्याने नेलं. सोजराबाईने टांगा थांबवला. डोक्याला फडकं, केसांत कापूस. मी भोंगा छातीशी धरला.

"मॅनेजर, माय मेली ना काल?"

खोटं बोलायची ताकद संपली होती. मी म्हणालो, "हो."

"आमाला पडदा काळा पडला तवाच कळलं. मरताना कसं बोलतेत ते कळाया उर्दू कशाला लागतंय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी येवढं घाम गाळून तिला जित्ती ठिवायलते. मंग आमी कशाला मारावं?"

मी मान खाली घातली. ती जायला वळली आणि परत आली.

"आजबी जित्तीच ठिवा. जवारी काढणाऱ्या पोरी येणार हायत, लगीन होऊन, आपली माय सोडून आलेल्या. आन् भाकरी नका सांगू, पुरणाची पोळी सांगा. लय दिसांनी पोरगं आलंय घरी."

माझ्या कामाचं जन्मात झालेलं एवढंच परीक्षण. मी ज्या मासिकांवर पोसलो, त्यांतल्या एकाही परीक्षकाने कधी इतकी नेमकी सूचना केली नव्हती. त्या संध्याकाळी मायने पुरणाची पोळी केली. शेठने आवाज बंद करायचा विषयच काढला नाही. ते बटणाजवळ रुमाल घेऊनच उभे राहिले. मुक्काम वाढला, तंबू राहिला आणि माझी नोकरीही राहिली. पोस्टर पाहून मत द्यायला मात्र मला बंदी झाली.

तिथून आम्ही चुडाव्याला गेलो. आता मी शहाणा झालो होतो. भोंग्यावर सरळ सांगितलं की ह्या खेळात माय मरते, ज्यांना सोसत नसेल त्यांनी येऊ नये. तरी बायकांची बाजू भरली. मला आनंद झाला. वाटलं, आता कलेचा खरा प्रेक्षक भेटला. शेवटचं रीळ टोपीशिवाय दाखवलं. माय मेली, चिता पेटली, दिवे लागले. एक बाई कमरेला पदर खोचून शेठपुढे गेली.

"माझी बहीण मानवतला जिनिंगात हाय. तिनं सांगितलंय, माय बरी होती आन् पुरणाची पोळी करती. मानवतला जित्ती ठिवली आन् आमच्याकडं आणून मारली व्हय? आमचं तिकीट खोटं हाय का?"

शेठने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "खरा शेवट हाच आहे."

"खरा कसा?" ती म्हणाली. "तुमी भोंग्यावर वरडायलते तवाच आमी म्हणलं, ह्या माणसाला काय कळतंय."

त्यानंतर मी बरीच वर्षं ह्या धंद्यात काढली. पुढे पक्क्या थेटरात मॅनेजर झालो, दोन मशीन आली, समजावणं बंद झालं. सिनेमा कसा आहे असं अजून लोक मला विचारतात. मी सांगतो, मला विचारू नका, बघून आलेल्या शेजारणीला विचारा. ती सांगते तसा तो नसला तरी दोन दिवसांत तसाच होतो.