उभा जोड

शिरूर आन् दौंड, दोन्ही तालुक्यांत वेल्डिंगची दुकानं ढिगानं सापडतील. पण माझ्या भावासारखा जोड मारणारा माणूस दुसरा न्हाई. भाऊ हाय म्हणून सांगत न्हाई. मी एसटीचा ड्रायव्हर, साहेबराव. शिरूर-दौंड गाडीवर उभी नोकरी काढली, गाडीला कवा ओरखडा लागू दिला न्हाई. शाळा सातवीपातुर, पण लोखंडाची पारख म्हणाल तर साहेबलोकांना ऐकायचा न्हाई.

हौसराव माझ्या पाठचा. वेल्डिंग शिकला दौंडला, रेल्वे लायनीच्या कडंला एका उस्तादाकडं. तवाच्या उस्तादांची एक रीत व्हती. आडवा जोड शिकवायचे, उभा न्हाई. आडव्या जोडात वितळलेलं लोखंड जाग्यावर बसतं. उभ्यात ते खाली ओघळतं. ओघळायच्या आत गोठलं पाहिजे, असा हात चालवायचा असतो. उभा जोड मारायची वेळ आली की उस्ताद म्हणायचा, "हौसराव, जा, चहा सांगून ये." चहा सांगून येईपातुर जोड झालेला असायचा. शेवटी हौसराव भंगाराच्या तुकड्यांवर हात भाजून भाजून एकटाच शिकला. आमच्या बौद्धवाड्यातल्या विहाराचं दार बघा जाऊन. जोड कुठं हाय ते दाखवून द्या, मी मिशी काढतो.

पुढं त्यानं न्हावऱ्यात रस्त्यालगत पत्र्याचं शेड टाकलं. बोर्डावर लिहिलं, 'वेल्डिंग शिकवले जाईल'. दुकानात नसणारी वस्तू पाहिजे असली की लोकं त्याच्याकडं यायची आन् मातीत काडीनं काढून दाखवायची. गुडघे गेलेल्या साखरबाईला त्यानं धारा काढायला उंच स्टूल करून दिलं, खाली चाकं लावून. ती गाईच्या कडंनी सरकत जायची.

लग्न तेवढं जमलं न्हाई. वेल्डरचे डोळे जातात म्हणून कुणी पोरगी देईना. एका ठिकाणी तर मी पाव्हण्यांशी भांडून, पोहे तसंच टाकून उठलो. माझा भाऊ ह्यांना नको, म्हंजी काय? पण हौसराव म्हणला, "जाऊ द्या दादा." आन् ते जाऊच दिलं.

मग रांजणगावला कंपन्या आल्या. कंपनीत वेल्डरची टेस्ट घेतात ती उभ्या जोडाचीच. माझ्या भावाकडं शिकलेला गडी टेस्टला कवा पडला न्हाई, ही अख्ख्या तालुक्याला ठावं असलेली गोष्ट हाय. पण त्यामुळं झालं काय, शिकला की गेला. शेड परत मोकळं. मी गाडी घेऊन जाताना बघायचो, ह्यो एकटाच लांबलचक गेटाशी झटतोय. हॉर्न मारला की हात वर करायचा. मान वर करायचा न्हाई.

त्यात आनंदराव शिकायला आला. कवठे येमाईचा, तिशीतला, बायकोपोरं गावाकडं. शेडातच राहायचा, दोघं मिळून स्टोवर पिठलं टाकायची. दोन वर्सं राहिला. माझा भाऊ बोलायला लागला हो! मी चहाला गाडी थांबवली की आतून हसण्याचा आवाज.

साखरबाई स्टुलाचं चाक बसवायला आली तवा मी तिथंच व्हतो. ती म्हणली, "हौसराव, चाक निघालं बघा. गाय तिकडं आन् मी शेणात."

आनंदराव म्हणला, "मावशी, चाक चांगलं हाय, तुमचं वजन वाढलंय."

"तुझ्या घरचं खाऊन वाढलं व्हय रं?"

हौसराव एवढा हसला की डोळ्यांपुढं धरायची वेल्डिंगची काच खाली ठेवावी लागली. मी मनात म्हणलं, ह्यो गडी आता हितंच राहिला पाहिजे.

मग एक दिवस आनंदरावानं तोंड उघडलं. "मिस्त्री, उभा जोड शिकवा की. कंपनीत भरती निघालीय. पोरगं शाळेत घालायचंय."

तोवर हौसरावनं त्याला उभा शिकवला नव्हता. आज-उद्या, आज-उद्या चाललं व्हतं. एरवी दुसऱ्याला तीन महिन्यांत शिकवायचा.

मी हौसरावला बाजूला घेतलं. "हौश्या, शिकवू नको."

"त्यो विचारतोय, दादा."

"विचारू दे. उभा आला की चहा सांगायला धाड. तुझा उस्ताद धाडायचा तसं."

हौसराव हातातली चिपिंगची हातोडी उगाच पुसत बसला. मग म्हणला, "दादा, मला धाडायचा ना, तवा मला कळायचं का धाडलंय ते. चहावाल्यालाबी कळायचं. त्यो हसायचा."

दुसऱ्या दिवशी मी दौंडहून परत येताना बघितलं. दोन पट्ट्या उभ्या बांधल्यात, आनंदराव काच धरून बसलाय आन् हौसराव मागून त्याचा हात धरून चालवतोय.

आनंदराव पास झाला. व्हणारच, शिकवलं कुणी! टेस्टचा तुकडा वाकवून बघतात, तुटला की नापास. आनंदराव त्यो वाकलेला तुकडा दाखवायला घेऊन आला. हौसरावनं जोडावरनं अंगठा फिरवला.

"हितं जरा थांबला व्हतास."

"व्हय मिस्त्री. तुमची आठवण आली."

"हातात रॉड असताना आठवण काढायची न्हाई."

"रईवारी येत जाईन."

दोन-चार रईवार आला. मग शिफ्टा लागल्या, बायकोपोरांना रांजणगावला घेऊन गेला. त्याचा काय दोष न्हाई. गिऱ्हाईकं मात्र विचारायची, "मिस्त्री, जोडीदार कुठं गेला?" हौसराव ग्राइंडर चालू करायचा. ग्राइंडरच्या आवाजात उत्तर द्यावं लागत न्हाई.

पुढं कैक महिने शिकायला कुणी आलं न्हाई. मग वरवंडचा एक गडी आला. मी नेमका चहाला थांबलो व्हतो. हौसरावनं त्याला नाव विचारलं, गाव विचारलं, आन् पहिल्याच दिवशी दोन पट्ट्या उभ्या बांधल्या.

मला राहवलं न्हाई. "अरे, त्याला रॉड धरता येईना अजून. आधी आडवा तरी शिकव!"

हौसरावनं काच डोळ्यांवर धरली. आतनं म्हणला, "आडवा शिकेपातुर माणसाची सवय लागती, दादा."

कंडक्टरनं डबल बेल दिली. मला जावं लागलं.