डाव्या विंगेतलं स्टूल

फोन आला तेव्हा मी डब्यात थेपले भरत होते. त्या दिवशी तालमीला मुलांसाठी खाऊ न्यायची पाळी माझी होती. फोनवर शरदची बायको, निर्मलावहिनी. "कुमुदताई, हे उठत नाहीयेत," एवढंच त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "हलवून बघा ना, वहिनी..." जणू त्यांनी हलवून बघितलंच नसेल. कारेलीबागेत त्यांची सोसायटी आमच्या सोसायटीच्या मागेच. गेले तशीच, घरच्या चपलांवर. शरद कुशीवर निजला होता, एक हात उशीखाली. डॉक्टर आले, झोपेतच हृदय बंद पडलं म्हणाले, चष्मा पुसून निघून गेले. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोंगावत होती... अरे, शेवटचा प्रवेश राहिलाय. त्याला जाऊन आता काही आठवडे झाले, पण ते घोंगावणं अजून थांबलेलं नाही.

फतेगंजजवळचं आमचं आर्ट्‌स कॉलेज अगदी लहान. सगळी मुलं सगळ्या सरांना नावानिशी ठाऊक आणि सगळ्या सरांची चेष्टा सगळ्या मुलांना पाठ. शरद आणि मी तिथेच शिकलो आणि पुढे तिथेच शिकवलं, त्यानं मराठी, मी राज्यशास्त्र. त्याचे पणजोबा बडोदे संस्थानच्या फौजेत, माझे कचेरीत. त्यावरून तो मला जन्मभर 'कारकुनाची पणती' म्हणत आला आणि मी त्याला 'शिपाईगडी'. दोघंही निवृत्त झालो, तरी दर वर्षीच्या मराठी नाटकासाठी तो कॉलेजात जायचा आणि त्याची भांडणं मिटवायला मी जायचे. पूर्वी बडोद्यातल्या मराठी घरांतली मुलं त्या नाटकात काम मिळावं म्हणून वशिला लावायची. अलीकडे मराठी विषय घेणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. मग शरदनं गुजराती मुलांना धरलं. तालीम संपली की कोपऱ्यावरच्या गाडीवर सगळ्यांना सेव-उसळ, वर तिखट तर्री मागाल तेवढी. त्या तर्रीच्या आशेनं निम्मी फौज जमायची, असं मी म्हणायचे. तो म्हणायचा, "फौज अशीच जमते, कारकूनबाई."

त्याची पद्धत साऱ्या जगाहून वेगळी होती. नाटक तो स्वतः रचायचा, पण कागदावर एक ओळ उतरवायचा नाही. तालमीच्या खोलीत मुलं गोल करून बसायची, हा वाक्य म्हणायचा, ती मागून म्हणायची, आणि त्यातूनच नाटक रोज थोडं थोडं पुढे सरकायचं. "कागद हातात आला की पोरं कागदाकडे बघतात, एकमेकांकडे बघत नाहीत," हे त्याचं म्हणणं. प्रयोगात तो डाव्या विंगेत एका लाकडी स्टुलावर बसायचा. स्टुलाचा एक पाय आखूड. एखादं पोर अडखळलं की हा पुढे झुकायचा, तो पाय फरशीवर 'टक्' वाजायचा आणि मागोमाग त्याचं कुजबुजतं वाक्य यायचं. मुलांना त्या आवाजाची इतकी सवय, की 'टक्' झालं की अर्ध्या वेळेला वाक्य आपोआप आठवायचं. मी हजारदा सांगितलं, अरे, लिहून ठेव. उद्या तुला काही झालं तर? तो हसून म्हणायचा, "तर तू आहेस की." सांगितलं मात्र मला कधीच काही नाही.

यंदा तर गळ्याशी आलं होतं. तालमीची खोली कॉलेजला कॉम्प्युटरसाठी हवी होती. प्रिन्सिपॉल माणूस वाईट नाही. आम्हाला बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "कुमुदबेन, आ वर्षे नाटक थाय तो रूम तमारो. नहीं तो कॉम्प्युटर मूकी दईशुं." म्हणजे यंदा नाटक झालं तर खोली आमची, नाहीतर तिथे कॉम्प्युटर. शरद चहा तसाच ठेवून उठला. त्या खोलीत त्यानं पहिल्यांदा तोंडाला रंग लावला होता, निर्मलावहिनींना पहिल्यांदा पाहिलं होतं, आणि मराठी बोलायला लाजणारी कितीतरी पोरं तिथेच बोलती केली होती. बाहेर येऊन तो मला म्हणाला, "कुमुद, ही खोली गेली तर या गावात मोठ्यानं मराठी बोलायला मला जागा नाही गं." मी काहीतरी खवचट बोलणार होते, पण त्याच्याकडे बघितलं आणि नुसती त्याच्या बरोबरीनं चालू लागले.

नाटक साधंच होतं. एक म्हातारे वडील दोन पानं वाढून बसलेत. कोणीतरी येणार आहे, त्याच्याशिवाय ते जेवणार नाहीत, आणि कोण येणार ते सांगत नाहीत. मुलगी विनवते आहे. वडील झाला होता ओंकार, आमच्याच सोसायटीतला, घरात मराठी आणि दारात गुजराती. मुलगी झाली होती हेतल. ती सावली गावाहून बसनं यायची, शेतकऱ्याच्या घरची, मराठीचा गंधही नाही. सगळी मराठी तिनं शरदच्या तोंडून उचललेली, त्यामुळे ती थांबायची शरदसारखी, 'बरं का' म्हणायची शरदसारखी, घसासुद्धा त्याच्यासारखाच खाकरायची. शेवटच्या प्रवेशात दार वाजायचं होतं. कोण आलं, यावर मुलांच्या पैजा लागल्या होत्या. शरद म्हणायचा, "आधी दार वाजू दे, मग सांगतो." दार वाजायच्या तालमीच्या दिवशीच तो गेला.

त्यानंतर मी वेड्यासारखी हिंडले. वहिनींना विचारलं, त्यांच्या सुनेला विचारलं, शरद ज्याच्याकडे दाढी करायचा त्यालासुद्धा विचारलं. त्याचं कपाट उघडून बसले, तर नुसते इस्त्रीचे सदरे. मला त्याचा इतका राग आला, इतका राग आला की त्या सदऱ्यांवरच डोकं टेकून मी रडले. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, यासारखी शिक्षा नाही. ओंकार रोज विचारायचा, "बाई, सर बोलले असतील ने तुम्हाला, कोण येतं ते?" आणि रोज मी म्हणायचे, आठवतेय रे, आठवतेय. काय आठवणार होते मी, कपाळ?

तेराव्याच्या आधी मुलं वहिनींना भेटायला गेली. वहिनी कोपऱ्यात बसलेल्या, समोर ताट तसंच. हेतल पुढे झाली, त्यांच्याजवळ खाली बसली. सांत्वनाचे शब्द तिच्याकडे कुठून असणार? तिच्याकडे होती तेवढी मराठी नाटकातलीच. घसा खाकरून, अगदी शरदच्या सुरात ती म्हणाली, "दोन घास खाऊन घ्या, बरं का..." आणि जिभेला वळण पडलेलं, म्हणून पुढचंही बोलून गेली, "येणारा येईल." वहिनींनी मान वर करून दाराकडे बघितलं. खरंच बघितलं. हेतलला काय झालं ते कळलं आणि ती तोंडावर ओढणी दाबून बाहेर पळाली.

प्रयोग करायचा ठरवला तो केवळ खोलीसाठी. शेवट मी रचून देते म्हटलं, तर मुलं ऐकेनात. "सरांचं असेल तेवढंच," हेतल म्हणाली. वाक्यं मुलांकडून ऐकून मी पाठ केली आणि डाव्या विंगेत उभी राहिले. स्टुलावर बसायची माझी छाती झाली नाही. कारेलीबागेतली पांढऱ्या केसांची मंडळी पुढच्या रांगांत, वहिनी मध्ये. ओंकारनं केसांत पावडर घातली होती. सगळं नीट पार पडत गेलं, आणि मग ती जागा आली. वडील पानावर बसलेले, हेतल उभी, आणि पुढे काही नाही. ती माझ्याकडे बघायला लागली. माझ्याकडे वाक्य नव्हतं. मी पुढे झुकले आणि तोल सावरायला स्टुलावर हात टेकला... टक्.

हेतलचा चेहरा जो उजळला, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. "आले हं!" ती ओरडली, धावत आली आणि विंगेच्या तोंडाशी असलेलं नाटकातलं दार तिनं सताड उघडलं. दाराबाहेर मी होते आणि रिकामं स्टूल होतं. ती स्टुलाकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. कोणीतरी पडदा पाडला.

टाळ्या फार पडल्या. एक गृहस्थ आत येऊन म्हणाले, "शेवट छान मोकळा ठेवलात हो." मला त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. शेवट ठेवला नव्हता, शेवट गेला होता! प्रिन्सिपॉलही आले, त्यांचे डोळे ओले होते. "बहु सरस," ते म्हणाले, आणि मग, "पण आवता वर्षे कोण करावशे, बेन?" यंदाचं नाटक झालं होतं, पण पुढच्या वर्षी बसवणारं कोणी नाही, म्हणून खोली गेलीच. हेतल आणि ओंकार यंदा पास होऊन जातील, मागे कोणी नाही. खोलीत आता कॉम्प्युटर आलेत. शरदनं जिवापाड जपलेली एकमेव गोष्ट त्याच्यामागे मला राखता आली नाही, आणि त्याबद्दल कोणी कितीही समजूत घातली तरी ती माझ्या गळी उतरत नाही.

सामान हलवताना स्टूल मी घरी आणलं. गॅलरीत ठेवलंय. सुतार म्हणाला, पाय सारखा करून देतो, मी नको म्हटलं. सकाळी केर काढताना त्याला धक्का लागतो, पाय फरशीवर वाजतो, आणि मी हातातली केरसुणी तशीच धरून उभी राहते. रोज. खाली रिक्षा जातात, शेजारणीचा कुकर शिट्ट्या देतो... मी पुढच्या वाक्याची वाट बघत असते.