तीन फोनवाले अण्णा

व्हाइटफील्डच्या मेट्रोत रोज समोर बसणारे एक अण्णा पिशवीतून तीन जुने फोन काढून, पत्ते लावावेत तसे मांडीवर लावायचे. एकच वेबपेज तिन्हींवर उघडून कुठल्या ब्राउझरमध्ये काय बिघडतं ते पाहायचं, हेच त्यांचं काम. बिघाड सापडला की चेहरा असा खुलायचा, जणू लॉटरीच लागली!

एकदा सगळ्यात जुन्या फोनवर ‘अर्ज पाठवा’ हे बटण चित्रामागे दडलं होतं. मी हसून विचारलं, “अण्णा, असला फोन आता वापरतं कोण?”

“आमची अक्का, बेळगावात. बटण दिसलं नाही की बिचारी आपलाच चष्मा पुसत बसते.”

त्या पेजवर काय कुठे दिसेल ते ठरवणारी स्टाइलशीट मीच लिहिली होती. माझं स्टेशन अजून लांब होतं, तरी मी उठून दाराशी जाऊन उभा राहिलो.