पायाळू डॉक्टर आणि सेवंताची पाठ

सेवंता बाकावर पालथी झोपली होती आणि मी उजव्या पायातली चप्पल काढत होतो. बाहेर ओपीडीला तीस-चाळीस माणसं खोळंबली होती. माझा कंपाउंडर बिसेन दाराशी उभा राहून कोणाला आत येऊ देत नव्हता. सेवंताचा नवरा मोतीराम हात जोडून भिंतीला टेकला होता.

डॉक्टरने चप्पल कशाला काढायची, हे सांगायला हवं. मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना आधी माझे पाय बाहेर आले. पायाळू माणसाने पाय लावला की पाठीत भरलेली उसण जाते, असं आपल्याकडे घरोघरी मानतात. माझी आई दोन महिने माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिने ही गोष्ट बिसेनच्या बायकोला कौतुकाने सांगितली. आठ दिवसांत ती पंचक्रोशीत पसरली. आमगावच्या पलीकडचा तो सरकारी दवाखाना. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं ओळखीची आहेत. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं आणि आमचे साहेब भंडाऱ्याला बसत.

पहिल्यांदा एक म्हातारा आला आणि म्हणाला, गोळी नको, पाय लावून द्या. मी त्याला हाकलला. तो दाराबाहेर बसून राहिला. दुपारी बिसेन म्हणाला, "लावून द्या ना साहेब, तुमचं काय जाते?" मी वैतागून पाय लावला. म्हातारा उठला, दोनदा वाकून पाहिलं आणि चालायला लागला.

तिथून माझ्या डोक्यात हवा गेली. साधी हवा नव्हे, शिकलेल्या माणसाची. मी नागपूरला एल.एम.पी. झालेलो. पाठीचं डिसेक्शन माझ्या हातचं इतकं साफ झालं होतं की सरांनी इतर मुलांना ते दाखवायला बोलावलं होतं. त्यामुळे म्हातारा बरा का झाला, याचं उत्तर माझ्यापाशी तयार होतं. पाठीचे स्नायू थरांनी असतात. वरचा ट्रॅपिझियस, मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पतंगासारखा पसरलेला. त्याच्या खाली कमरेपासून काखेपर्यंत गेलेला लॅटिसिमस डॉर्साय. विहिरीचा दोर ओढताना ताणतो तो हाच. हे दोन्ही सोलून काढले की कण्याच्या दोन्ही बाजूंना जाड दोरखंडासारखे इरेक्टर स्पायनी लागतात. माणूस उभा राहतो तो यांच्या जोरावर. अगदी खाली मणक्याला मणका बांधणारे बारीक स्नायू.

रोवणीच्या दिवसांत बाया सकाळपासून चिखलात कमरेतून वाकून धान रोवतात. तो सगळा भार पाठीच्या या दोरखंडांवर येतो. एखादा धागा दुखावला की अख्खा स्नायू आखडून दगड होतो. याला आम्ही स्पॅझम म्हणतो. अशा वेळी माणसाला निश्चिंत पालथं झोपवलं, वरून ऊबदार पायाचा दाब दिला आणि बरं होणारच असा त्याचा विश्वास असला, तर स्नायू सैल पडतो. माझ्या मते त्यात चमत्कार काहीच नव्हता. मी अंधश्रद्धेला शास्त्राचा सदरा घालून दिला आणि स्वतःवरच खूश झालो. रोवणीच्या हंगामात रोज पाच-सहा पाठी येत. मी पाय लावत असे, वर दुखण्यावरच्या सोडा सॅलिसिलेटची बाटली देत असे. लोक बरे होत होते. मला कोण सांगणार?

आता जे सांगितलं नाही ते सांगतो. स्नायू दोन कारणांनी आखडतो. एक, तो स्वतः दुखावला म्हणून. दुसरं, त्याच्या खालचं हाड आजारी आहे म्हणून. हाड नासत असेल तर वरचे स्नायू त्याला हलू देत नाहीत, रात्रंदिवस आवळून धरतात. तिथे स्पॅझम हा आजार नसतो, पहारा असतो. हाताला दोन्ही सारखेच लागतात. फरक कळायला पाठ उघडी करून बघावी लागते, कण्यावरून बोट फिरवावं लागतं आणि पेशंटला जमिनीवरची एखादी वस्तू उचलायला सांगावी लागते. ज्याचा स्नायू दुखतो तो कण्हत का होईना, वाकतो. ज्याचा मणका किडलाय तो वाकत नाही, पाठ ताठ ठेवून उकिडवा बसतो. हे मला परीक्षेत विचारलं होतं. मी बरोबर लिहिलं होतं.

सेवंता तिशीच्या आतली. अंगाने वाळलेली. आत येताना तिच्या हातातली चिठ्ठी पडली. ती गुडघे मोडून सरळ खाली बसली, चिठ्ठी उचलली आणि मांडीवर हात रोवून उठली. मी पाहिलं. पाहिलं म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर झालं, एवढंच. मोतीराम सांगायला लागला की दुखणं उन्हाळ्यापासूनचं आहे, संध्याकाळी अंग तापतं. मी त्याचं बोलणं अर्ध्यात तोडलं. म्हटलं, रोवणीची कंबर आहे, कळलं मला. दवाखान्याची नर्स तेव्हा रजेवर होती. नर्स नसताना बायका पुरुष डॉक्टरसमोर पाठ उघडी करत नसत आणि मीही तसा आग्रह धरत नसे. लुगड्यावरूनच हात लावला. दोन्हीकडचे स्नायू लाकडासारखे. खूप आखडलंय, म्हणून दाबही जास्त द्यावा, असं मी ठरवलं.

एरवी मी पाय नुसता टेकवायचो. त्या दिवशी टाच ठेवली आणि अंगाचा भार दिला. तीनदा. तिसऱ्या वेळी टाचेखाली काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. सेवंता म्हणाली, "हाय माय." मग उठली, पदर सारखा केला आणि हलकं वाटते म्हणून सांगितलं. मी पुढच्या पेशंटला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या वेळी मोतीरामची बैलबंडी दाराशी उभी होती. सेवंता आत भाताच्या तणसावर आडवी. मोतीराम म्हणाला की रात्री उठायला गेली तर पायच उठले नाहीत. मी तळव्याला टाचणी टोचली. ती आभाळाकडे बघत होती, तिला कळलंच नाही. "पाय माहे नाही वाटत," ती म्हणाली.

मग मी बिसेनच्या बायकोला बोलावलं, चादरीचा आडोसा धरायला लावला आणि पाठ उघडी केली. आदल्या दिवशी जे करायला दोन मिनिटं नव्हती ते केलं. मानेपासून कण्यावरून बोट खाली आणलं. पाठीच्या मध्याच्या जरा खाली बोट अडलं. मूठ आवळल्यावर वर येणाऱ्या हाडाएवढा उंचवटा. मणक्याचा टीबी. हाड आतून पोखरून खचलेलं, मागच्या मज्जारज्जूवर दाब आल्याने पाय गेलेले, आणि ते बिचारे स्नायू महिनोन् महिने त्याला आवळून धरून होते. मी त्या पहारेकऱ्यांवर टाच दिली होती.

तिला दाराच्या फळीवर बांधून आमगावला नेलं आणि रेल्वेने नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. सोबत इंग्रजीत चिठ्ठी दिली. मणक्याचा टीबी, पायांतली शक्ती एकाएकी गेली, वगैरे. मी पाय लावल्याचा उल्लेख केला नाही. लिहायला घेतलं होतं, मग कागद बदलला.

महिन्याभराने सिव्हिल सर्जन साहेब इन्स्पेक्शनला आले. नागपूरहून त्यांच्याकडे पत्र आलं होतं.

"डायग्नोसिस बरोबर होतं म्हणे तुमचं. एक्स-रेशिवाय कसं ओळखलंत?"

"कण्यावरून बोट फिरवलं, सर."

"शाब्बास. आजकाल पेशंटला हात कोण लावतं?"

बिसेन मागे रजिस्टर घेऊन उभा होता. त्याने खाली पाहिलं. मीही खाली पाहिलं. त्या दिवसापासून मी पाय लावणं बंद केलं. लोकांना सांगितलं, आईने शपथ घातली आहे. तेही खोटंच.

सेवंता सात-आठ महिने प्लास्टरच्या साच्यात पडून होती. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं झाली. हळूहळू पाय हलायला लागले. ती परत आली तेव्हा काठी टेकत चालत होती, डावा पाय फरफटत. धानाच्या बांधीत उतरून रोवणी करणं मात्र कायमचं संपलं. माझ्या टाचेमुळे हे झालं की तो मणका तसाही खचणारच होता, हे कोणी सांगू शकत नाही. मी स्वतःला ते पुष्कळदा सांगितलं आहे. त्याने बरं वाटत नाही.

परत आल्यावर ती पहिल्यांदा दवाखान्यात आली ती माझी समजूत काढायला! म्हणाली, "तुमच्या पायाचा दोष नाही डाक्टरसाहेब. पायाळूचा पाय उपाशीपोटी लावावा लागते. मी सकाळी शिळा भात खाऊन आली होती. माहीच चूक झाली." मोतीरामनेही मान हलवली.

खरं सांगायची वेळ ती होती. समोर दोघंच होते, बोलायला चार वाक्यं पुरली असती. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. मनात तर सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायलाही लाज वाटते. मी तिला दूध, अंडी, माशाचं तेल लिहून दिलं, पोटभर खा म्हणून बजावलं आणि पाठवून दिलं.

पुढे ती दर महिन्याला येत राहिली. पाठ मी दर वेळी नीट बघायचो, नर्स उभी करून. पण वजन काही वाढेना. या आजारात अन्न हे औषधाच्या बरोबरीचं असतं. मी रागवायचो. मोतीराम म्हणायचा, देऊन राह्यलो साहेब, घरी दूध आहे, कोंबड्या आहेत. तीन वर्षं असंच चाललं. मग माझी अर्जुनी मोरगावला बदली झाली.

निघायच्या आधी दोघं भेटायला आले. मी शेवटचं म्हणून पुन्हा वजनावरून बोललो. या वेळी मोतीराम बायकोकडे न बघता म्हणाला, "काय वाढंल साहेब? हप्त्यातले तीन दिवस पाणी पिऊन राह्यते. सोमवार, मंगळवार, शनिवार. पाय लावला त्या दिवशी जेवून आली होती ना, त्याचं फेडून राह्यली. नागपूरहून आली तवापासून."

मला खुर्चीत बसवेना. मी उठलो आणि सांगून टाकलं. सगळं. की त्या दिवशी चूक तिची नव्हती. भात खाल्ला काय न् न खाल्ला काय, काही फरक पडणार नव्हता. तिच्या हाडात रोग होता, तो तपासल्याशिवाय मी वर भार दिला, आणि हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.

मला वाटलं, मोतीराम शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. सेवंताने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तिने माझ्या टाचेबद्दल काही विचारलं नाही. शांतपणे म्हणाली, "मंग मी कायले उपाशी राह्यली?"

बिसेनच्या बायकोने आतून भाकर आणि भाजी आणून दिली. तो मंगळवार होता. सेवंता तिथेच बाकावर बसली आणि सावकाश जेवली. मी जेवण होईपर्यंत उभा होतो.

नंतर नोकरीत आलेल्या प्रत्येक नव्या डॉक्टरला मी एवढंच सांगत आलो: पाठ लुगड्यावरून तपासू नका. आणि चूक झाली तर त्याच आठवड्यात सांगा. पेशंटला कारण लागतं. आपण दिलं नाही तर तो स्वतःच शोधतो.