दोन वर्तुळं आणि एक शेळी

नामांतराच्या आंदोलनात विद्यापीठ सारखं बंद असायचं, त्या काळात मी गणितात एम.फिल. करत होतो. विषय असा : एकमेकांना निरोपच न देता दोघंजण एकच वस्तू टक्कर न होता वापरू शकतात का? माझं उत्तर ठाम होतं. कागदावर दोन माणसांची दोन वर्तुळं काढली, मधे निरोपाचा बाण नाही, आणि आज ना उद्या टक्कर होणारच, हे चार पानांत सिद्ध केलं.

माझे सर पडेगावकडं राहायचे. त्यांनी पानं वाचली आणि म्हणाले, "आमच्या विहिरीवर येऊन बसा जरा."

तिथं दोन धनगर भाऊ होते. एका कुत्र्याच्या मालकीवरून त्यांनी आणि त्यांच्या बायकांनीही तीन वर्षं एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. हौद एकच, आणि पाणी एका वेळी एकाच कळपापुरतं. थोरला नव्या कंपनीत लागलेला. त्याची पाळी दर आठवड्याला बदलायची, वर ओव्हरटाइम, म्हणून त्याची मेंढरं कधी सकाळी यायची, कधी उतरत्या उन्हात. तरी तीन आठवड्यांत दोन्ही कळप एकदाही समोरासमोर आले नाहीत.

काहीतरी खूण असणार, असं मला वाटलं. हौदाशी एक काठी पडलेली असायची, ती मी गुपचूप हलवली. काही फरक पडला नाही. दगड उलटे केले. धाकटा ते दगड सरळ करून निघून गेला.

शेवटी हातपंपावर पाणी पिताना मी दोघा भावांच्या बायकांपुढं रडगाणं गायलो. टक्कर होत नाही, माझा प्रबंध बुडाला, असं सांगितलं. दोघी खाली मान घालून हंडे भरत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कळप एकदमच हौदावर आले. कोण कुणाचं, काही कळेना. दोघं भाऊ आपापली मेंढरं ओढायला लागले. मग थोरला म्हणाला, "ती लंगडी माझी."

"व्हय, न्या," धाकटा म्हणाला.

तीन वर्षांतलं ते पहिलं बोलणं. मेंढरं निवडायला मलाही जुंपलं, आणि एका एडक्यानं मला हौदात ढकललं.

मी कपडे पिळत होतो तेव्हा धाकट्याची बायको जवळ आली. "झालं ना भाऊ तुमचं खरं? तुमच्यासाठी म्हनून आज येकच टाइम धरला."

"पण तुम्हा दोघींचंही बोलणं बंद आहे ना?"

"आमी कुठं बोलतो? जाऊबाई पंपावर त्यांच्या शेळीला सांगत्यात, उद्या मेंढरं कवा यायची ते. मला ऐकू येतं, त्याला मी काय करू?"

दुसऱ्या दिवसापासून भाऊ पुन्हा मुके झाले. मी चारही पानं फाडली, नव्या कागदावर बायकांची दोन वर्तुळं वाढवली आणि तो सरांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "आणि शेळी?"

तिला वर्तुळ द्यायचं की बाण, यावर आमचा पुरा आठवडा गेला. शेवटी बाण दिला. सरांना तो अन्याय वाटला.