बटणाचा फोटो

तिचं खरं नाव हजेरीच्या यादीत होतं आणि तिथेच राहिलं. निरनिराळ्या कंपन्यांच्या ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या त्या ऑफिसात सगळे तिला फोटोताई म्हणत. तिसऱ्या मजल्यावर चाळीस टेबलं, चाळीस हेडफोन आणि समोरच्या भिंतीवर एक भलामोठा पडदा. कुणाच्या किती तक्रारी मिटल्या आणि कुणाच्या लटकल्या हे त्यावर दिवसभर झळकत असे. मिटलेल्या हिरव्या, लटकलेल्या लाल. अकरा वर्षांत फोटोताईच्या नावापुढे लाल रंग क्वचितच कुणी पाहिला असेल.

त्यातली मेख साधी होती. तक्रार आली की घड्याळ सुरू. चार तासांत निकाल लावायचा. पण ग्राहकाला काही माहिती विचारली, की त्याचं उत्तर येईपर्यंत घड्याळ थांबायचं. तीन दिवस उत्तर आलं नाही तर तक्रार आपोआप बंद, आणि बंद म्हणजे हिरवी. ही फट तिने सगळ्यांच्या आधी हेरली. तक्रार कसलीही असो, ती एक ठरलेला मजकूर धाडून द्यायची: 'कृपया स्क्रीनचा फोटो पाठवा.' निम्मे लोक पाठवत नाहीत. कंटाळतात, विसरतात, नाहीतर यंत्र एकदा बंद करून चालू केल्यावर त्यांचं काम भागतं. नव्याने लागलेल्यांना ती सांगायची, "डोकं चालवत बसू नका, फोटो मागा." सगळे हसत. हसण्यासारखंच होतं म्हणा, तेव्हा.

घरी मात्र तिच्या कामाला कामाचा मान नव्हता. "दिवसभर बसून बोलायचं आणि दमले म्हणायचं," सासूबाई म्हणत. ती उलट बोलत नसे, कारण संध्याकाळी तिला कुणाचाच आवाज सहन होत नसे. उजव्या कानामागे हेडफोनने कायमचा वण पडला होता. लेक शाळेतलं काही सांगायला आली तरी ती म्हणायची, "थोड्या वेळाने सांग गं," आणि तो थोडा वेळ कधी यायचाच नाही. म्हणून साहेबांनी जेव्हा शब्द दिला, की येत्या एक तारखेपासून टीम तुम्ही सांभाळायची, तेव्हा तिला हुद्द्यापेक्षा एकाच गोष्टीचा आनंद झाला. त्या जागेवरच्या माणसाला हेडफोन लावावा लागत नाही.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना गळ्यात घालायचं बटण देणारी एक कंपनी होती. पडलं-झडलं तर बटण दाबायचं, दिवा लागतो आणि मदत केंद्रात घंटा वाजते. या बटणांच्या तक्रारी त्या वर्षापासून याच मजल्यावर येऊ लागल्या होत्या. एका मंगळवारी त्यातली एक फोटोताईच्या वाट्याला आली. तक्रार करणारे गृहस्थ एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. 'बटण दाबलं तरी दिवा लागत नाही.' एवढंच वाक्य, पण तिने तेही धड वाचलं नाही. दोन तक्रारी लाल व्हायच्या बेतात होत्या. तिने ठरलेला मजकूर धाडला आणि पुढच्या फोनला लागली. शुक्रवारी तक्रार बंद झाली. हिरवी.

पुढच्या बुधवारी साहेबांनी तिला काचेच्या खोलीत बोलावलं. ते गृहस्थ रविवारी न्हाणीघरात पडले. बटण दाबत राहिले असावेत, कारण ते मुठीत सापडलं. दार फोडलं मंगळवारी. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे ते लगेच गेले नव्हते.

"नोंद बघितली मी," साहेब म्हणाले. "चार मिनिटांत उत्तर दिलंय आपण. माहिती मागितली, ग्राहकाने दिली नाही. आपल्या अंगाला काही लागत नाही."

"साहेब, त्या बटणाला स्क्रीनच नसते."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हे मला म्हणालात ते म्हणालात. घरच्यांचा फोन आला तर एकच वाक्य, चौकशी चालू आहे. फोन रेकॉर्ड होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. जास्त बोललात तर एक तारीख विसरा, आणि ही खुर्चीसुद्धा."

तिला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग सुटल्यासारखं वाटलं याचीच शिसारी आली. घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो लिफ्टदुरुस्तीच्या कामाला होता. जेवता जेवता म्हणाला, "आत कोणी अडकलं की आम्ही आधी हाक मारतो. ठीक आहात ना, म्हणून. बाकीचं नंतर." त्याला तिला टोचायचं नव्हतं, पण तिने ताट बाजूला सारलं.

दोन दिवसांनी अकराच्या सुमारास फोन आला. ज्याचा हेडफोन मोकळा त्याला फोन, असा तिथला रिवाज, आणि नेमका तिचाच मोकळा होता. बाईचा आवाज होता, थकलेला आणि सभ्य.

"ते बटण वापरायचे ना, ते माझे बाबा. मला भांडायचं नाहीये हो. एक विचारायचंय फक्त."

"विचारा."

"बाबांनी जन्मभर साधा फोन वापरला. शेवटच्या आठवड्यात जाऊन कॅमेऱ्याचा घेतला. त्यात त्या बटणाचे त्रेसष्ट फोटो आहेत. पुढून, मागून. काहींत नुसतं बोटच आलंय. शेजारच्या काकूंना म्हणाले, कंपनीला स्क्रीनचा फोटो हवाय, पण मला ती स्क्रीन काही सापडत नाही, माझंच काहीतरी चुकतंय. कुणासाठी काढत होते हे, एवढं सांगाल का?"

'चौकशी चालू आहे' हे वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. "चौकशी..." एवढं बाहेरही पडलं. काचेपलीकडे साहेब कुणाशी तरी हसून बोलत होते. हेडफोनशिवायची ती खुर्ची तिला इथून दिसत होती. तिला ती खरंच हवी होती.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "मी मागितला होता फोटो. त्या बटणाला स्क्रीन नसते. मी तुमच्या बाबांची तक्रार वाचलीच नव्हती."

 "एकसुद्धा पोचला नाही तुमच्यापर्यंत?"

"नाही."

"त्यांना पाठवता येत नव्हतं. शिकत होते. कुठे पाठवायचे ते सांगा. मी पाठवते. तुम्ही बघायचे. सगळे."

तिने ईमेलचा पत्ता सांगितला. फोटो एकेक करून येऊ लागले. पांढरं बटण टेबलावर, पांढरं बटण तळहातावर, नुसता अंगठा, पुन्हा बटण. तेविसाव्या फोटोत ते स्वतः होते. बटण गळ्यात घालून आरशासमोर उभे. फोटो कंपनीत जायचा म्हणून त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ओल्या केसांचा नीट भांग पाडला होता.

साहेब पाठीशी येऊन उभे राहिलेले तिला कळलं. "हेडफोन काढा," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि आत या."

"थांबा," ती म्हणाली. "अजून चाळीस राहिलेत."